चौथ्या वर्षावासाचे भंते

८ जुलै, मंगळवार

मानोऱ्याहून ऑटोत नऊ माणसं, खताच्या दोन बॅगा आणि मी. भंते म्हणून मला पुढची जागा दिली, म्हणजे ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर अर्धा मी. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण इतकी माणसं इतक्या जागेत मलाही कधी जमली नसती.

सावरडोहच्या विहारात मी फक्त तीन महिन्यांचा. इथले मोठे भंते बावीस वर्षं राहून फाल्गुनात वारले. त्यांच्या जागी संघानं एक भंते नेमलेत, पण त्यांचा यंदाचा वर्षावास अकोल्याकडे आधीच ठरलेला होता. एकदा वर्षावासाला बसलं की आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूला जागा सोडता येत नाही. म्हणून मधल्या काळापुरता मी. संघप्रमुखांनी फोनवर बजावलं, "तुम्ही पाहुणे. खिळा ठोकायचा नाही, काढायचा नाही." बरं म्हटलं.

गावाच्या तोंडाशी फ्लेक्स. माझा फोटो आणि खाली, "पूज्य भदंत सुमनसार महास्थविर". महास्थविर व्हायला वीस वर्षावास लागतात. माझे तीन झालेत, हा चौथा. नोकरी संपली, बायको गेली, आणि एकसष्टाव्या वर्षी मी चीवर घेतलं. भुवया पांढऱ्या, पाठ थोडी वाकलेली, त्यामुळे लोकांना वाटतं हा जन्माचा भिक्खू. विहार समितीचे सचिव प्रसेनजित मास्तर घ्यायला आले होते. त्यांना सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात बँड सुरू झाला. बँडनंतर सांगू म्हटलं. बँडनंतर पेढे आले.

उद्या सांगतो.

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा

तीन महिने या विहारात राहीन असा संकल्प केला. विहार छोटा, पुढे टिनाचं शेड, आणि माणसं दुप्पट. सगळी दारातच गोळा झाली, आत निम्मा हॉल मोकळा. मी माइकवरून ओरडलो, "चला, पुढे सरका, दारात थांबू नका, मधे सगळं रिकामं आहे!" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. प्रसेनजितही हसले. हसण्यासारखं काय होतं ते समजलं नाही.

फ्लेक्सचं आज सांगणार होतो. इतक्या लोकांसमोर बरं दिसलं नसतं.

किल्ली लिलाबाईंच्या कमरेला. वय अठ्ठ्याहत्तर सांगतात, परवा ब्याऐंशी सांगितलं होतं. मला विहार दाखवताना प्रत्येक वस्तूपाशी थांबून म्हणाल्या, "हे मोठ्या भंतेनं आनलं." झाडू, घंटा, खिडकीचा पडदा. मोरीतल्या बादलीपाशीही थांबल्या.

२० जुलै, रविवार

भोजनदानाची पाळी भिंतीवर लिहिलेली आहे, रोज एक घर. बाराच्या आत डबा येतो. दहा दिवसांत सात वेळा कारलं. वरण अळणी. चहात साखर नाही. मला वाटलं एखाद्या घरची पद्धत असेल, पण सगळ्या गावाचीच आहे. वऱ्हाडात राहून ही माणसं इतकं मिळमिळीत कशी खातात?

भिक्खूनं पात्रात पडेल ते खावं, मागू नये. मी मागत नाही. फक्त इथे लिहितो.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज गोविंदाच्या घरी नातवाच्या नामकरणाला परित्राणपाठ केला. गोविंदा म्हणजे सहा एकर सोयाबीन, मोठा आवाज आणि प्रत्येक गोष्टीवर शंका. माझ्या प्रवचनात मधेच हात वर करतो. मागच्या रविवारी म्हणाला, "भंतेजी, हे तुमी म्हनता ते ठीक हाये, पन रोही पिकात घुसला तं मैत्री करू का त्याच्याशी?" रोही म्हणजे नीलगाय, एका रात्रीत पीक फस्त करते. हा माणूस मला फार आवडतो.

पाठ संपला, मला पानावर कारलं वाढलं आणि मागे अंगणात बाकीच्यांसाठी वांग्याचा रस्सा. लालभडक, वर तेलाचा तवंग. नको नको म्हणताना मी गोविंदाच्या सुनेला, सपनाला, विचारूनच टाकलं, की मला वेगळं का?

"मोठ्या भंतेले शुगर व्हती जी, बीपी बी व्हता," ती म्हणाली. "भंतेचं जेवन म्हंजे असंच असते ना, काका?"

काका म्हणाली आणि जीभ चावली. पोरगी गोड आहे, घरच्यासारखं बोलून गेली.

परत येताना आधी हसू आलं, मग लक्षात आलं. एक महिना ही माणसं मला जेवू घालत नव्हती, मोठ्या भंतेंनाच घालत होती. बावीस वर्षं रोज तसं रांधलं, हाताला तेच वळण. मी तक्रार लिहिली त्याची लाज वाटली.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी साडेसहाला लिलाबाई चहा घेऊन हजर. चहा नव्हता, पाक होता.

"काहून नाही सांगतलं?" कमरेवर हात. "महिनाभर कारले खाऊन राह्यले मुकाट्यानं! आमाले काय सपन पडते का?"

"भिक्खूनं मागू नये, असा नियम आहे."

"मांगू नाही, सांगाव तं लागते," म्हणाल्या, आणि कपात आणखी एक चमचा साखर घातली.

२४ ऑगस्ट, रविवार

रोज दुपारी ग्रंथवाचन. पाऊस असला की शेतातली माणसं येतात, नसला की लिलाबाई आणि दोन म्हाताऱ्या. माझं पालीपठण यथातथाच आहे. मंगलसुत्तात सातव्या गाथेला अडखळतो, तेव्हा लिलाबाई पुढचा शब्द हळूच म्हणतात. त्यांना अक्षर वाचता येत नाही. बावीस वर्षं ऐकून पाठ झालंय सगळं. मी खोकल्याचं निमित्त करतो आणि पुढे जातो.

आज वाचन संपल्यावर त्यांनी सहज विचारलं, "भंतेजी, तुमचे वर्षावास किती झाले जी?"

सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. तिघीच होत्या. मी म्हणालो, "झाले बरेच."

त्यानंतर पाच मिनिटांनी त्यांना पंचशील दिलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी म्हणत होतो आणि त्या माझ्यामागून म्हणत होत्या. माझाच आवाज मला बारीक ऐकू आला.

का सांगत नाही मी? तिकिटं फाडणारा माणूस म्हणून एकतीस वर्षं लोकांनी मला "ओ कंडक्टर" म्हणून हाक मारली. इथे रस्त्यात पाया पडतात. खरं कारण तेच आहे, दुसरं कुठलंही लिहिलं तर तेही खोटंच होईल.

७ सप्टेंबर, रविवार. भाद्रपद पौर्णिमा

समितीची बैठक झाली. गोविंदा उभा राहून म्हणाला, "ते अकोल्याचं पोट्टं आमाले नाही पायजे. तिशीचं बी नाही म्हन्तेत. ते काय शिकवीन आमाले? आमाले हेच भंते ठेवा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संघाला अर्ज लिहायचं ठरलं. सह्या तिथल्या तिथे झाल्या, अंगठेही.

मी म्हणायला हवं होतं, हे बरोबर नाही, नेमणूक झालेली आहे. मी म्हणालो, "संघ ठरवेल."

खूप आनंद झाला मला. चौसष्टाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला राहा म्हणतंय. संध्याकाळी पिंपळाच्या पारावर बसलो तर गावातला प्रत्येक माणूस ओळखीचा वाटत होता. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाचा लेक पुण्याला आहे, कोणाची गाय आटली, सगळं मला माहीत. आसक्ती नाही ही. माहिती आहे नुसती.

१५ सप्टेंबर, सोमवार

संघप्रमुखांचा फोन. अर्ज पोचला. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"भंते आर्यदीप एकोणतीस वर्षांचे आहेत," म्हणाले. "विसाव्या वर्षी उपसंपदा झाली, पूर्ण भिक्खू झाले, हा त्यांचा नववा वर्षावास. मागच्या गावानं पोरगा म्हणून दोन महिन्यांत परत पाठवलं. या गावानंही तेच केलं तर तो चीवर उतरवेल, मला दिसतंय. आणि सावरडोहला पाठवायला माझ्याकडे दुसरं कोणी नाही. विहाराला कुलूप लागेल."

"मी राहिलो तर?"

"तुमचे चार होतील, सुमनसार. पाच वर्षं गुरूच्या जवळ काढायची असतात, तीही तुमची झालेली नाहीत. विहार कसा देऊ तुम्हाला?" मग म्हणाले, "ते आले की वंदन तुम्ही त्यांना करायचं आहे. माहीत आहे ना?"

माहीत आहे. संघात वय मोजत नाहीत, वर्षावास मोजतात. चारवाल्यानं नऊवाल्यापुढे गुडघे टेकायचे, मग तो नातवाच्या वयाचा का असेना. फ्लेक्सवरचा महास्थविर एका पोराच्या पायाशी वाकलेला गाव पाहणार.

जेवण गेलं नाही. आज शेवग्याच्या शेंगा होत्या, झणझणीत. डबा तसाच परत गेला तर लिलाबाई विचारायला आल्या, पोट बिघडलं का. हो म्हणालो. आणखी एक खोटं.

७ ऑक्टोबर, मंगळवार. आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. आज पवारणा. भिक्खूंनी एकमेकांना म्हणायचं असतं, माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका असेल तर दया करून सांगा. मी इथे एकटा भिक्खू, एकट्यानं संकल्प केला. मग वाटलं, निदान गावासमोर म्हणावं, आणि कोणी विचारलंच तर सांगून मोकळं व्हावं. कोणीतरी विचारावं अशी इच्छाच होती.

"माझ्यात काही दोष दिसला असेल तर सांगा," म्हणालो.

गोविंदानं हात वर केला. "भंतेजी, तुमी माइक लय तोंडाजवळ धरता."

सगळे हसले. "आणखी कोणी?" मी विचारलं. कोणी नाही. लिलाबाई पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे एकटक बघत होत्या. बराच वेळ. त्यांना हल्ली नीट दिसत नाही, मोतीबिंदूचं वाशीमला दाखवायला सांगितलं पाहिजे.

११ ऑक्टोबर, शनिवार

भंते आर्यदीप आले. सडपातळ, चष्मा, सर्दी झालेली. सोयाबीनची मळणी जोरात आहे, हवेत सगळा भुसा, त्यामुळे आल्यापासून शिंकतायत. ना फ्लेक्स, ना बँड. प्रसेनजित मोटारसायकलवर घेऊन आले, तेवढंच. गोविंदा "नमो बुद्धाय" म्हणाला, हात जोडले, आणि चपला घालून निघून गेला. वाकला नाही. बाकीच्यांनी त्याचंच पाहिलं.

आमची दोघांची पहिली भेट बाहेर लोकांत झाली, तेव्हा मी नुसते हात जोडून वेळ मारून नेली. आत खोलीत आल्यावर गुडघे टेकायला लागलो, तर त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं.

"बाबा, इथं आत करा, चालेल मला," म्हणाले. "उद्या लोकांसमोर नको. तुम्हाला किती मानतात ते पाहिलं मी. परवा तुम्ही जाणार, उगीच जाताना..." वाक्य शिंकेत गेलं.

मी आत वंदन केलं आणि मला हलकं वाटलं. सुटलो. तासाभरानं बाहेर आलो तर ते एकटेच पिंपळाखाली उभे होते. पाराशी चार बाया बसलेल्या, त्या बोलायच्या थांबून दुसरीकडे पाहत होत्या. ते त्यांच्याकडे बघून हसले. कोणी हसलं नाही. त्यांनी वाकून उगीच पायातली चप्पल नीट केली.

मी नोकरीत लागलो तेव्हा पहिल्या दिवशी डेपोत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मीही अशीच चप्पल नीट करत होतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

चीवरदान. सगळं लिहितो, उद्या हात चालणार नाही.

गावानं चीवर एकच आणलं होतं. माझ्यासाठी. दुसरे भंते आलेत याचा हिशेबच कोणी धरला नव्हता, किंवा धरून सोडला होता. डफडं वाजवत चीवर गावातून फिरवून आणलं, गोविंदाच्या डोक्यावर पितळी ताट, ताटात चीवर, वर झेंडूची फुलं. मळणी बंद ठेवून माणसं आली होती. आम्ही दोघे शेजारी बसलेलो. मला गादी, त्यांना सतरंजी. ती कोणी मांडली होती ते विचारलं नाही.

गोविंदा थेट माझ्यापुढे आला आणि ताट उतरवायला लागला. मी शेजारी पाहिलं. आर्यदीप खाली बघत होते, चेहरा शांत, कानाच्या पाळ्या मात्र लाल.

मी उठलो. काय करतोय ते ठरवलं नव्हतं. गादीवरून खाली उतरलो, त्यांच्यासमोर गेलो आणि गुडघे टेकले. "ओकास वंदामि भन्ते," म्हटलं, मोठ्यानं, आणि कपाळ सतरंजीला लावलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गुडघ्यानं नकार दिला आणि मी तसाच खाली राहिलो. आर्यदीपांनी हात दिला तेव्हा वर आलो.

मग लोकांकडे वळलो. माइक लांब धरला.

"भिक्खूचं वय वर्षावासानं मोजतात," म्हणालो. "यांचे नऊ, माझे चार. हे मोठे, मी लहान. वेशीवर महास्थविर लिहिलं होतं ते खोटं होतं आणि मी तीन महिने ते खोटं खाऊन जगलो. त्याआधी मी एसटीत कंडक्टर होतो. माझं नाव फुलचंद. तुमची माफी मागतो."

वाटलं होतं कोणी उठून जाईल, कोणी शिव्या घालील. कोणी हललं नाही. लिलाबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "आमाले ठाऊक हाये जी."

"काय ठाऊक आहे?"

"सपनाचं माहेर दिग्रसकडचं. तुमच्याच गाडीनं शाळेत जाये ते. पयल्याच दिशी म्हने, हे तं आमचे कंडक्टर काका! पोरी पळत येऊन राह्यल्या दिसल्या की घंटी नाही मारत, गाडी थांबून ठेवत म्हने."

मागे सपना डोळे पुसत मान हलवत होती. मला ती पोर आठवली नाही. किती पोरी होत्या.

"मग बोलला नाहीत कोणी?"

"तुमी सांगसान कवातरी म्हनून थांबलो," लिलाबाई म्हणाल्या. "त्या पौर्निमेले तं मी किती पाह्यलं तुमच्याकडं!"

मी सगळ्यांसमोर रडलो. भिक्खूनं रडू नये. रडलो.

गोविंदा अजून ताट हातात धरून उभा होता, माझ्याकडे बघे, आर्यदीपांकडे बघे. शेवटी मला म्हणाला, "मंग हे कोनाले देऊ?"

"मोठ्यांना."

त्यानं ताट सावरलं. मग आर्यदीपांपुढे गेला, ताट ठेवलं, आणि तो अडीच मणाचा माणूस पाच अंगं टेकून वाकला. "भंतेजी," त्यांना म्हणाला, "रोही पिकात घुसला तं काय कराचं, हे तुमाले सांगा लागन."

"मला माहीत नाही," आर्यदीप म्हणाले. "शेत दाखवाल का?"

गोविंदा हसला. मग रांग लागली. एकेक जण त्यांच्यापुढे वाकत गेला, आणि मी बाजूला उभा. माझ्याकडे कोणी आलं नाही. हवं होतं तेच झालं, आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निघालो. संघप्रमुखांनी सांगितलंय, वर्षभर या गावात पाय ठेवायचा नाही. लग्न नाही, नामकरण नाही, कुणी कितीही बोलावलं तरी. माणसं एकदा जुन्याकडे वळली की नवा मूळ धरत नाही. सकाळी सगळ्यांना तेच सांगितलं. काल इतकी शहाणी वागलेली माणसं आज हट्टाला पेटली. सपनानं तर पोराला माझ्या मांडीवर ठेवून दिलं आणि घ्यायलाच येईना.

ऑटोच्या फाट्यापर्यंत लिलाबाई एकट्या आल्या. नको म्हटलं तरी पिशवी त्यांनीच धरली. ऑटो लांबून दिसला तेव्हा म्हणाल्या, "एक इचारू?"

"विचारा ना."

"माह्या मातीले येसान ना?"

येईन म्हणणं किती सोपं होतं. त्यांनाही बरं वाटलं असतं, मलाही. तीन महिने मी सोपंच बोललो होतो.

"नाही, माय," म्हणालो. "ते करतील. त्यांनाच बोलवायचं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. ऑटो येऊन थांबला तरी त्या रस्त्याकडेच बघत होत्या.

"मंग यंदा काही माह्यं मरनं होत नाही," शेवटी म्हणाल्या. "पोट्ट्याचा आवाज लय बारीक हाये. मांगच्या लोकायले पाठ ऐकू नाही जाची. आदी त्याले जरा खाऊपिऊ घालते, आवाज फुटू देते, मंग पाह्यते."

मी हात जोडले. नियमात बसतं की नाही, मला माहीत नाही. ऑटोत बसलो, डोळे भरले होते ते तसेच राहू दिले. वळणावर मान मागे करून पाहिलं. वाटलं होतं त्या फाट्यावर उभ्या असतील. त्या केव्हाच पाठ फिरवून गावाकडे निघाल्या होत्या, भराभर, कमरेची किल्ली एका हातानं धरून. अकरा वाजून गेले होते, आणि भंतेंचं जेवण बाराच्या आत व्हायला पाहिजे.